एक नळ आणि पुष्कळ कडा

ब्लेंडर, म्हणजे संगणकावर वस्तूंचे त्रिमिती आकार घडवायचं सॉफ्टवेअर, पहिल्यांदा उघडलं की समोर तीन गोष्टी असतात: एक घन, एक कॅमेरा आणि एक दिवा. घनाची बाजू दोन मीटरची. बहुतेक नवशिके सगळ्यात आधी तो घन पुसून टाकतात, कारण ट्युटोरियलमधला शिकवणाराही तेच करतो. खरं तर पुसायचं काही कारण नसतं. आठ बिंदू, बारा कडा, सहा फेस (सपाट बाजू). थ्रीडी मॉडेलिंगमध्ये पुढे मला जे जे अडलं, त्यातलं बरंचसं त्या बारा कडांमध्येच होतं.

मी चित्रकला शिकलेली नाही. शाळा सुटली तशी चित्रकलाही सुटली. पण एखादी वस्तू हातात आली की ती उलटीपालटी करून कुठे जोडली आहे, कुठे वळवली आहे ते बघायची खोड कायम राहिली. मॉडेलिंगकडे वळले ती त्या खोडीपायी. शिवाय सॉफ्टवेअर फुकट होतं, हेही सांगायला हवं; विकतचं असतं तर मी एवढ्या उत्साहाने उडी मारली नसती. ब्लेंडर मुळात नेदरलँड्समधल्या एका अॅनिमेशन स्टुडिओच्या स्वतःच्या कामासाठी टॉन रोझेन्डाल यांनी १९९४ मध्ये लिहायला घेतलं. पुढे ते विकण्यासाठी काढलेल्या कंपनीने गाशा गुंडाळला, तेव्हा वापरणाऱ्यांनी वर्गणी काढून सात आठवड्यांत एक लाख युरो उभे केले आणि ऑक्टोबर २००२ मध्ये सगळा कोड खुला झाला. आज आपण बटण दाबून जे उतरवून घेतो ते त्या वर्गणीतून सुटलेलं आहे.

पहिले काही आठवडे मी ट्युटोरियलच्या मागे मागे गेले. जी दाबलं की वस्तू हलते, आर दाबलं की फिरते, एस दाबलं की लहानमोठी होते, टॅब दाबलं की वस्तूच्या आत शिरता येतं. बोटं हे लवकर शिकतात. त्यात एक गंमतशीर अडथळा होता. जुलै २०१९ मध्ये २.८० ही आवृत्ती आली तेव्हा सगळा चेहरामोहरा बदलला, आणि आधी उजव्या क्लिकने होणारी निवड डाव्या क्लिकवर आली. इंटरनेटवर त्याआधीचे व्हिडिओ ढिगाने पडलेले आहेत. शिकवणारा समजावतो उत्तम, पण तो म्हणतो ते बटण आपल्या पडद्यावर सापडत नाही. म्हणून व्हिडिओ सुरू करण्याआधी त्याची तारीख बघायची सवय मी लावून घेतली.

ट्युटोरियल संपलं की आपल्याकडे छान काहीतरी तयार असतं. फाइल बंद करा, नवी उघडा, आणि स्वतःच्या मनाने एखादी साधी वस्तू करायला घ्या. हात थांबतात. आधी कुठला आकार घ्यायचा, किती भाग पाडायचे, कुठला भाग वेगळा ठेवायचा आणि कुठला जोडायचा, हे सगळे निर्णय आतापर्यंत दुसऱ्या कुणीतरी घेतलेले असतात. आपण फक्त कळा दाबलेल्या असतात. त्या कळा पाठ होणं उपयोगाचं आहेच, पण त्याला मॉडेलिंग येणं म्हणवत नाही.

म्हणून मी नळ करायला घेतला. साधा, उभ्या अंगाचा, पुढे तोटी वळलेली, वर फिरवायची मूठ. त्याचं ट्युटोरियल मुद्दाम शोधलं नाही. समोर खरा नळ होता, तो सगळ्या बाजूंनी बघता येत होता, हात लावता येत होता, पट्टीने मोजता येत होता. नवशिक्यांनी ड्रॅगन आणि अंतराळयानं करायला घेऊ नयेत असं मला वाटतं, ते याच कारणासाठी. ड्रॅगन चुकला की नाही हे कोण सांगणार? नळ चुकला की लगेच कळतं. या क्षेत्रातली सगळ्यात प्रसिद्ध वस्तूही घरगुतीच आहे. १९७५ मध्ये यूटा विद्यापीठात मार्टिन न्यूवेल यांना संगणकावर दाखवायला एखादा आकार हवा होता, तर त्यांनी घरातली चहाची किटली कागदावर रेखाटून तिचे आकडे संगणकात भरले. ती किटली नंतर जगभरच्या संशोधकांनी वापरली. मूळ आकड्यांमध्ये तिला तळच नव्हता.

नळाचं अंग म्हणजे सिलिंडर, तोटी म्हणजे आणखी एक सिलिंडर. दोन्ही एकमेकांत घुसवले की लांबून नळ दिसतो. जवळून मात्र ते घुसवलेलेच दिसतात, कारण खऱ्या नळात तोटी अंगातून निघते. जोडाच्या जागी धातू हलकेच वळलेला असतो. तो वळसा आणायचा तर दोन्ही मिळून एकच मेश, म्हणजे बिंदू-कडा-फेसांचं जाळं, हवा.

आधी बुलियन वापरून पाहिलं. एका क्लिकमध्ये दोन आकार एकजीव होतात, पण जोडावर आडव्यातिडव्या कडांचं जंजाळ तयार होतं आणि त्यावर बेव्हल मारला, म्हणजे कड किंचित गोल केली, की फेस एकमेकांतून आरपार जातात. मग हाताने करायला घेतलं. इथे थोडं सविस्तर सांगते, कारण मॉडेलिंग म्हणजे काय हे मला या एका जोडाने शिकवलं.

ब्लेंडरमध्ये सिलिंडर घेतला की त्याला बत्तीस बाजू मिळतात. जास्त बाजू म्हणजे जास्त गोल, म्हणून आपण खूश असतो. पण अंगावर पाडलेल्या भोकाभोवती जितके बिंदू असतील तितकेच तोटीच्या तोंडाशी हवेत, तरच दोन्ही कडा नीट शिवता येतात. बत्तीस बिंदूंचं भोक सांभाळणं नवशिक्याच्या आवाक्याबाहेरचं. मी अंगाला सोळा बाजू ठेवल्या आणि तोटीला आठ. अंगावर जिथून तोटी निघणार तिथे शेजारशेजारचे चार चौकोन निवडले, दोन वर, दोन खाली. त्या चारांच्या मधोमध जो बिंदू होता तो काढून टाकला. चारही चौकोन गेले आणि राहिलं बरोबर आठ बिंदूंचं चौकोनी भोक. ते गोल केलं. गोल करताना बिंदू अंगाच्या वळणावरून सुटून बाहेर येतात, म्हणून त्यांना मूळ सिलिंडरच्या एका प्रतीवर श्रिंकरॅपने पुन्हा चिकटवलं. मग भोकाची कड आणि तोटीची कड निवडून ‘ब्रिज एज लूप्स’. शिवली गेली.

त्यावर मेश गुळगुळीत करणारा सबडिव्हिजन सरफेस लावला. ही पद्धत एडविन कॅटमल आणि जिम क्लार्क यांनी १९७८ मध्ये मांडली. प्रत्येक चौकोनाचे चार चौकोन होतात आणि नव्या बिंदूंच्या जागा आसपासच्या बिंदूंची सरासरी काढून ठरतात. घनाचे सहा फेस पहिल्या पायरीला चोवीस होतात, दुसऱ्या पायरीला शहाण्णव, आणि सहाव्या पायरीला २४,५७६. (स्लायडर ओढायला सोपा असतो. संगणकाचा पंखा ओरडायला लागला की पायरी उतरवावी.) सरासरी म्हटली की टोकं बोथट होणारच. म्हणजे घन गोलाकडे झुकतो, नळाची सपाट खालची बैठक फुगून गोटा होते. कड टिकवायची तर तिच्या अगदी शेजारी आणखी एक कड द्यावी लागते. जितकी जवळ द्याल तितकी धार जास्त. लूप कट, म्हणजे मेशभोवती अशी नवी कड फिरवणं, हा प्रकार मी ट्युटोरियलमध्ये पुष्कळदा केला होता, पण तो कशासाठी करतात हे मला या बैठकीने सांगितलं.

जोड मात्र अजून खटकत होता. तोटीच्या मुळाशी चार ठिकाणी हलके खड्डे पडल्यासारखे दिसत. साध्या करड्या रंगात लक्षात येत नव्हतं. पट्ट्यापट्ट्यांचा मॅटकॅप (पृष्ठभाग तपासायला वस्तूवर चढवायचं तयार चित्र) लावला की पट्ट्या तिथे नेमक्या वाकड्या होत. बिंदू मोजून पाहिले. भोकाच्या मूळ चार कोपऱ्यांवर प्रत्येकी पाच कडा एकत्र येत होत्या, बाकी सगळीकडे चार. सबडिव्हिजनला चार कडांचा बिंदू आवडतो. पाच आल्या की तिथे पृष्ठभाग किंचित आक्रसतो. सगळे फेस चौकोनीच ठेवून एका नळीतून दुसरी नळी काढायची तर असे बिंदू टळत नाहीत. सरकवता मात्र येतात. भोक पाडण्याआधी त्या चार चौकोनांच्या सभोवती इनसेटने एक जादा वेढा दिला. आता पाच कडांचे बिंदू बाहेरच्या वेढ्यावर गेले, जिथे अंग बरंच सरळ आहे, आणि जोडाच्या वळणावर फक्त चार कडांचे बिंदू राहिले. पट्ट्या सरळ झाल्या.

त्या दिवशी टोपॉलॉजी, म्हणजे कडा आणि फेस एकमेकांना कसे जोडले आहेत ती रचना, काय असते ते कळलं. त्याआधी मी तो शब्द ऐकला होता तो धाक घालण्यासाठी वापरलेला: चौकोनच हवेत, त्रिकोण चालत नाहीत, एनगॉन (चारांहून जास्त बाजूंचा फेस) म्हणजे पाप. हे सरसकट खरं नाही. सपाट, न वाकणाऱ्या पृष्ठभागावर दहा बाजूंचा फेस असला तरी कुणाचं काही बिघडत नाही. वळणावर किंवा सबडिव्हिजनखाली तो आला की बिघडतं. नियम पाठ करण्यापेक्षा पट्ट्यांचा मॅटकॅप लावून बघणं जास्त प्रामाणिक आहे.

आणखी एका कोड्यात बरीच डोकेफोड झाली. मुठीच्या कडांना बेव्हल दिला तर एका दिशेला रुंद आणि दुसऱ्या दिशेला अरुंद येत होता. कारण असं की मूठ मी ऑब्जेक्ट मोडमध्ये, म्हणजे टॅबने आत न शिरता, ओढून लांब केली होती. दिसायला ती लांब, पण ब्लेंडरच्या हिशेबात ती अजून मूळ मापाचीच, फक्त ताणलेली. बेव्हल आधी मूळ मापावर लागतो आणि मग त्याच्यासकट ताणला जातो. कंट्रोल-ए दाबून स्केल लागू केलं की झालं. ही एक गोष्ट सुरुवातीलाच कुणी ठणकावून सांगत नाही याचं मला आश्चर्य वाटतं. तसंच उलट्या नॉर्मल्सचं. फेसची बाहेरची बाजू कुठली हे मेशला ठाऊक असावं लागतं. फेस ओरिएंटेशन सुरू केल्यावर काही भाग लाल दिसला तर तो आत-बाहेर झालेला असतो. सगळं निवडून शिफ्ट-एन.

आणि बेव्हल. खऱ्या जगात शून्य रुंदीची धार कुठल्याच वस्तूला नसते. टेबल, पुस्तक, पत्र्याचा डबा, कशाचीही कड जवळून बघा. थोडीफार तरी गोलाई असते आणि तिच्यावर प्रकाशाची बारीक रेघ उमटते. ही रेघ नसली की वस्तू संगणकावर केलेली वाटते, मग मटेरियल कितीही भारी लावा. माझ्या जुन्या फाइली उघडून फक्त कडांना बारीक बेव्हल दिला, दुसरं काही केलं नाही, तरी निम्म्या वस्तू सुधारल्या.

नळाला क्रोमचं मटेरियल द्यायचं होतं. मेटॅलिक (धातूपणा) एकवर, रफनेस (खडबडीतपणा) जवळजवळ शून्यावर. रेंडर केला, म्हणजे सीनचं अंतिम चित्र काढलं, तर नळ मळकट करड्या प्लास्टिकसारखा. रंग बदलून पाहिला, दिवे वाढवले, फरक नाही. मग खऱ्या नळाकडे नीट बघितलं तेव्हा उलगडा झाला: त्याच्यावर दिसत होती खिडकी, दाराची चौकट, मी स्वतः. क्रोमवर जे दिसतं ते सगळं आसपासचं असतं. माझ्या सीनमध्ये आसपास काही नव्हतंच, एकसारखा करडा रंग होता, आणि नळ तो इमाने इतबारे दाखवत होता.

पॉली हेवन या संकेतस्थळावरून खोलीचा एक एचडीआरआय, म्हणजे चहूबाजूंचा उजेड टिपलेला फोटो, फुकट उतरवून घेतला आणि नळ एकदम धातूचा झाला. पण त्यात खोलीचा पसाराही दिसू लागला. वस्तूंचे फोटो काढणारे चकचकीत वस्तूंसाठी एक युक्ती करतात, ती मग इथे केली. एका बाजूला मोठा पांढरा उजेडाचा पडदा, आणि वस्तूच्या दोन्ही अंगांना कॅमेऱ्याच्या चौकटीबाहेर काळ्या पट्ट्या. गोल अंगावर मधे पांढरा पट्टा येतो आणि दोन्ही कडांना काळी रेघ, त्यामुळे नळ पार्श्वभूमीतून उठून दिसतो. म्हणजे धातू रंगवायचा नसतो, धातूच्या समोर काय ठेवायचं ते ठरवायचं असतं.

बोटांचे डागही दिले. ते रंगात द्यायचे नसतात, रफनेसमध्ये द्यायचे असतात. डागाच्या जागी धातू काळा होत नाही, प्रतिबिंब धूसर होतं. डागांसाठी वापरलेल्या चित्राची कलर स्पेस नॉन-कलर (रंग नव्हे, नुसते आकडे) करावी लागते, नाहीतर आकडे बदलतात आणि डाग हवे त्यापेक्षा वेगळे उमटतात. यूव्ही उलगडणं, म्हणजे मेश शिवणीवर कापून सपाट पसरवणं, हा यातला कंटाळवाणा भाग. शिवण कुठे टाकायची एवढंच सांगते: जिथे खऱ्या वस्तूला जोड आहे तिथे किंवा मागच्या बाजूला. बाकी यूव्हीबद्दल प्रेमाने लिहिण्यासारखं माझ्याकडे काही नाही.

सायकल्स या ब्लेंडरच्या रेंडर इंजिनमध्ये रेंडर करताना चित्रात दाणे येतात. दाणे निम्मे करायचे तर सॅम्पल्स (प्रत्येक पिक्सेलसाठी तपासलेले प्रकाशकिरण) चौपट करावे लागतात. दुप्पट करून फारसं काही हाती लागत नाही. डीनॉइझर लावला की दाणे जातात, आणि त्यांच्यासोबत मी मन लावून घातलेले बोटांचे डागही जातात. शेवटी मधला मार्ग निघाला: सॅम्पल्स पुरेसे वाढवायचे, डीनॉइझरवर थोडंच सोडायचं.

इथपर्यंत आल्यावर एक गोष्ट टाळता येण्यासारखी राहिली नाही, ती म्हणजे चित्र काढणं. मॉडेल बरं असूनही रेंडर निर्जीव दिसत होता. प्रकाश कुठून घ्यायचा, काय अंधारात सोडायचं, याला सॉफ्टवेअरमध्ये बटण नाही. म्हणून पेन टॅब्लेट आणि क्रिटा हे चित्रं काढायचं सॉफ्टवेअर.

टॅब्लेटवर पहिल्याच दिवशी वर्तुळं लंबगोल येऊ लागली. हात वाईट आहे असं मानून चालले होते, पण कारण वेगळं निघालं: टॅब्लेटची लांबी-रुंदी आणि पडद्याची लांबी-रुंदी यांचं प्रमाण जुळत नव्हतं, त्यामुळे हाताची हालचाल आडवी ताणली जात होती. सेटिंगमध्ये टॅब्लेटचा थोडा भाग बंद करून प्रमाण जुळवलं. मग जी वाकडी वर्तुळं आली ती मात्र माझी स्वतःची. हात एकीकडे आणि नजर दुसरीकडे, याची सवय व्हायला वेळ लागतोच. मोठी रेघ मनगटातून काढली की ती कमानीसारखी वळते. खांद्यातून काढली की सरळ जाते.

कंट्रोल-झेडचा मोह भयंकर. एकच रेघ पुन्हा पुन्हा काढून पुसत बसलं की तास निघून जातो. मी काही दिवस ती कळ वापरायचीच नाही असं ठरवलं आणि चुकीच्या रेघेवर दुसरी रेघ काढत गेले. चित्रं घाण झाली, हात सुधारला.

मग मी थ्रीडीला उत्तरपत्रिका करून टाकलं. आधी मनाने चित्र काढायचं: एक गोळा, उजेड डावीकडून वरून. कुठे सगळ्यात उजळ, कुठे उजेड संपतो, सावली कुठे पडते, सगळं अंदाजाने. मग तोच गोळा, तोच दिवा ब्लेंडरमध्ये मांडायचा आणि दोन्ही चित्रं करडी करून शेजारीशेजारी ठेवायची. माझ्या गोळ्याचा सावलीचा भाग प्रत्येक वेळी जास्त उजळ असायचा. जमिनीवरून उसळून येणारा उजेड खालच्या बाजूला दिसतो, तो दिसला की हात त्याला पांढरा करतो. खरं म्हणजे तो उजेडाच्या भागापेक्षा नेहमी काळाच असतो. सिलिंडरचं तोंड काढतानाही असंच. लंबगोलाचा आखूड अक्ष सिलिंडरच्या मधल्या अक्षाच्या रेषेत यायला हवा. तिरक्या ठेवलेल्या नळीचं तोंड मी आडवंच काढत होते. पन्नास नियम वाचून जे लक्षात राहिलं नसतं ते दोन चित्रं शेजारी ठेवल्यावर राहिलं.

कडांचा विषय इथेही सुटला नाही. चित्रात सगळ्या कडा सारख्याच धारदार काढल्या की नजर कुठे थांबावी हे कळत नाही. गोल वळणाची कड मऊ, तुटक काठाची कड करकरीत, आणि सावलीत शिरलेली कड कधी कधी काढायचीच नाही. नळाच्या नव्या रेंडरमध्ये मी एक अंग पार अंधारात जाऊ दिलं. पहिल्यांदा तो बघण्यासारखा झाला.

स्कल्प्टिंगकडे, म्हणजे मेश मातीसारखा घडवण्याकडे, जरा उशिरा गेले. डोकं करायला घेतलं की सगळेच डोळे फार वर बसवतात, मीही बसवले. डोक्याचा माथा आणि हनुवटी यांच्या साधारण मधोमध डोळे येतात. कपाळ आणि केस मिळून इतकी जागा घेतात हे आरशात बघूनही पटत नाही. दुसरं म्हणजे मागचं डोकं. समोरून काम करत राहिलं की चेहरा होतो आणि मागे कवटीच उरत नाही, म्हणून दर थोड्या वेळाने बाजूने फिरवून बघायचं. पापण्या, ओठांच्या रेषा यांची घाई झाली की व्हॉक्सेल (छोटे घन, ज्यांच्या मापाने मेश नव्याने विणला जातो) बारीक करून रिमेश करावंसं वाटतं. व्हॉक्सेलचं माप निम्मं केलं की फेस सुमारे चौपट होतात, आणि मग मोठा आकार हलवायचा म्हटलं तर ब्रश नुसता खड्डे पाडतो. जाड मेशवर जितका वेळ काढता येईल तितका काढावा. गालाचं हाड जाड मेशवर जमलं नाही तर ते बारीक मेशवर जमत नाही.

सध्या हाताचा पंजा चालू आहे. बोटं म्हणजे पाच सिलिंडर आणि तळवा म्हणजे चपटा घन, इतकं सरळ वाटलं होतं. अडलंय ते दोन बोटांच्या मधल्या जागेत: तिथे प्रत्येक बोटाच्या कडांचा वेढा तळव्याच्या कडांना येऊन मिळतो आणि पाच कडांचे बिंदू पुन्हा उगवतात. नळाला चारच होते, इथे प्रत्येक फटीत आहेत, आणि बोटं मिटली की नेमकी तीच कातडी वाकते. मी ते बिंदू हाताच्या मागच्या बाजूला, बोटांच्या सांध्यांच्या मधल्या खळग्यांकडे सरकवते आहे. अंगठ्याचं अजून जमलेलं नाही.